पाचवा फाउल

आकुर्डीतल्या एका शाळेच्या बास्केटबॉल संघाची जबाबदारी वयाच्या तेविसाव्या वर्षी माझ्याकडे आली, तेव्हा खेळाडू म्हणून मिळवलेली पदके हीच प्रशिक्षकाची पात्रता, असे मी धरून चाललो होतो. खेळता येणे आणि खेळवता येणे या दोन भिन्न विद्या आहेत, हे मला कोणी सांगितले नव्हते असे नाही; सांगणाऱ्यांकडे माझे लक्ष नव्हते.

त्याच हंगामातील एका आंतरशालेय सामन्यात, तिसरा क्वार्टर संपण्यापूर्वीच, माझे दोन उत्तम खेळाडू पाचव्या फाउलने बाहेर पडले; आणि पाचव्या फाउलनंतर त्या सामन्यात पुन्हा उतरण्याची मुभा नसल्यामुळे उरलेल्या मुलांनी शर्थ केली तरी सामना हातचा गेला. मी प्रथम पंचांना बोल लावला, मग मुलांना, आणि पुढला आठवडाभर त्यांना शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. त्या फेऱ्यांची खंत मला अजून वाटते.

वास्तविक चूक होण्यापूर्वी जाणत्याला विचारावे, हा धडा माझ्या घरातच होता. माझे वडील येथल्याच एका कारखान्यात टर्नर होते. उमेदवारी करणाऱ्या मुलाला मापाची शंका आली, तर लेथवरचा जॉब उतरवण्यापूर्वी त्याने जुन्या कामगाराकडून त्याची रुजुवात करून घ्यावी, अशी तिथली रीत ते सांगत. विचारल्याने कोणाची इभ्रत कमी होत नसे. न विचारता भंगारात गेलेला जॉब मात्र वर्षानुवर्षे लोकांच्या ध्यानात राही. लोखंडाच्या बाबतीत जी सावधगिरी आम्ही बाळगतो, ती मुलांच्या बाबतीत का बाळगू नये?

अखेर प्राधिकरणात राहणाऱ्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांच्या दारी मी गेलो. दोन संध्याकाळ ते कोर्टाच्या कडेला मुकाट्याने उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अरे, 'हात घाल, बॉल काढ' असं तूच ओरडतोस. पाय हलत नाहीत म्हणून हात पुढे जातो. आधी पाय शिकव." ज्या अपराधासाठी मी मुलांना पळवले होते, त्याचे मूळ माझ्या ओरडण्यात होते.

या खेळाच्या इतिहासात ज्यांचे नाव अत्यंत आदराने घेतले जाते, ते जॉन वूडन १९४८ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले, आणि पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यांना मिळाले ते १९६४ साली, म्हणजे सोळाव्या हंगामात. त्या वर्षीच्या त्यांच्या पहिल्या पाचांतला सर्वांत उंच खेळाडू सहा फूट पाच इंचांचा होता, आणि तिथल्या मानाने ही उंची बेताचीच. ती उणीव ज्या बचावाने भरून काढली, त्या संपूर्ण कोर्टभर दबाव ठेवणाऱ्या झोन प्रेसचा आग्रह वूडन यांचा स्वतःचा नव्हता. तो त्यांचे तरुण सहायक जेरी नॉर्मन यांनी धरला होता, आणि वूडन यांनी तो मानला. पुढे १९७५ पर्यंतच्या बारा हंगामांत त्या संघाने दहा विजेतेपदे मिळवली. मला त्या दहांपेक्षा सहायकाचे ऐकून घेणारा तो एक निर्णय अधिक मोठा वाटतो.

आपल्याकडे तरुण प्रशिक्षक विचारायला कचरतो, त्याला केवळ अहंकार कारण नाही. पालकांसमोर आपले अज्ञान उघडे पडेल आणि पुढल्या वर्षी नेमणूक राहणार नाही, हे भयही त्याच्या मनात असते. म्हणून आकुर्डी-निगडीतील शाळांच्या चालकांना माझी विनंती आहे, की चेंडू आणि जर्सी यांच्या खर्चाची तजवीज करताना नव्या प्रशिक्षकाला आठवड्यातून एक तास अनुभवी प्रशिक्षकाच्या सहवासात घालवता येईल, अशीही सोय त्यांनी करावी. आणि या परिसरातील निवृत्त क्रीडाशिक्षकांनी बोलावण्याची वाट न पाहता मैदानावर यावे. आमचा सराव सायंकाळी साडेपाचला सुरू होतो, आणि कोर्टाच्या कडेला त्यांच्यासाठी एक खुर्ची मांडलेली असते.