जुना स्पीकर मोडीत काढण्याआधी

घरातला बिनतारी स्पीकर चांगला वाजत असतो. तरी एक दिवस घरातले कोणीतरी म्हणते, "हा आता जुना झाला, नवा घेऊ." दुकानदारही हप्ते पाडून द्यायला तयार असतो. बंधू-भगिनींनो, होकार देण्याआधी एकच प्रश्न विचारा : जुने झाले ते नेमके काय?

अशा स्पीकरचे तीन भाग समजा. पहिला, आवाज काढणारा : लोहचुंबक, तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि पडदा. नीट वापरला तर हा भाग वर्षानुवर्षे टिकतो. दुसरा भाग बॅटरी. ती काही वर्षांत दमते. तिसरा भाग म्हणजे आतला छोटा संगणक, जो फोनशी किंवा इंटरनेटशी बोलतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण खरी मेख तिथेच आहे. कारण त्याचे आयुष्य पुष्कळदा कंपनी ठरवते.

अमेरिकेतल्या सोनोस कंपनीचेच पाहा. घरभर एकच गाणे वाजवणारी तिची महागडी बिनतारी उपकरणे २००५ पासून बाजारात आहेत. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले, की सर्वांत जुन्या उपकरणांना मे महिन्यापासून नव्या सुधारणा मिळणार नाहीत. जुने देऊन नवे घेणाऱ्यांसाठी ३० टक्के सवलतीची योजना आधीपासून होती. पण त्यासाठी जुना स्पीकर कायमचा बंद करावा लागे. म्हणजे वाजता स्पीकर भंगारात! ग्राहक खवळले. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स यांना माफी मागावी लागली. मार्चमध्ये स्पीकर बंद करण्याची अट गेली, आणि जून २०२० पासून जुन्या उपकरणांसाठी वेगळे ॲप ठेवले गेले. आवाज उठवला म्हणून एवढे तरी पदरात पडले.

आपल्या घरात सोनोस नसेल, पण ॲपवर चालणारा स्पीकर आज आपल्याही वस्तीत आला आहे. म्हणून हिशोब असा करावा.

ब्लूटूथचा साधा स्पीकर असेल, तर तो नव्या फोनलाही सहसा जोडला जातो. फोन बदलला म्हणून स्पीकर बदलण्याचे कारण नाही. चार्जिंग टिकत नसेल, तर दुरुस्तीवाल्याकडे बॅटरी बदलण्याचा खर्च आधी विचारा. मात्र बॅटरी फुगली असेल, तर चार्जिंग लगेच बंद करा. तिला टोचू नका, आगीत टाकू नका. आवाज फाटत असेल, तर पडदा बदलतो का ते पाहा. ॲप बंद पडले असेल, तर मागे तार जोडायचे भोक आहे का बघा. असेल तर साध्या तारेने फोन किंवा टीव्ही जोडून तोच स्पीकर पुढे वाजेल.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला, किंवा सुटा भागच मिळेना, तर मात्र नवा घ्यायला हरकत नाही. घेताना तीन गोष्टी पाहा : तार जोडण्याची सोय, बॅटरी बदलता येणे, आणि इंटरनेटशिवाय चालणे. पावती जपून ठेवा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. जुना स्पीकर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

हप्ता दर महिन्याला दारात उभा राहतो. मुलांच्या फीचे आणि घरभाड्याचे पैसे बाजूला काढून उरेल, त्यातूनच हौस करावी. स्पीकर कधी बदलायचा, हे आपल्या घराने ठरवावे, कंपनीच्या जाहिरातीने नव्हे.