मागील दाराने धर्मपीठ

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधान परिषदेच्या सात राज्यपाल-नियुक्त सदस्यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली. सातांपैकी एक होते पोहरादेवीच्या बंजारा धर्मपीठाचे महंत बाबूसिंग महाराज राठोड. महंतांच्या व्यक्तिगत योग्यतेविषयी वाद नाही. त्यांना कोणत्या नात्याने बोलावण्यात आले, एवढाच प्रश्न आहे.

राज्यघटनेचे कलम १७१ अशा नियुक्त्यांसाठी साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा ही क्षेत्रे सांगते. धर्म त्यांत नाही, आणि तो अनवधानाने गळलेला नाही. १९०९ पासूनच्या विभक्त मतदारसंघांची फळे फाळणीत भोगल्यावर घटना समितीने १९४९ साली धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांची कल्पनाही सोडून दिली. मुरुडपासून किनवटपर्यंतचा मुलूख तेव्हा निजामी राजवटीतून नुकताच सुटला होता. त्या राजवटीने १९३९ च्या सुधारणांत हिंदू व मुसलमान यांना कायदेमंडळात समसमान जागा देऊ केल्या होत्या. रयतेचे माप धर्माने घेतले की कुळाचा आणि वेठीचा प्रश्न सभागृहाबाहेर तिष्ठत राहतो, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको.

ब्रिटनच्या लॉर्ड्स सभेत इंग्लंडच्या चर्चचे २६ बिशप बसतात. प्रथा सरंजामी खरी. पण ती कायद्यात उघड लिहिलेली आहे, म्हणून तिच्यावर उघड हल्लाही करता येतो. महाराष्ट्रात मात्र धर्मपीठ समाजसेवेची शाल पांघरून आत येते आणि विरोध करणारा त्या समाजाचाच वैरी ठरतो!

बंजारा समाजाला सत्तेत वाटा हवाच. वसंतराव नाईक पुसदच्या मतदारांच्या बळावर उभे राहिले आणि १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्यांना कोणत्या गादीची सनद लागली नव्हती. आज मुखेड-जळकोटच्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची कोयती ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल फिटत नाही, पोरांची शाळा बुडते. या माणसांचे गाऱ्हाणे आध्यात्मिक नव्हे. कलमात सहकारी चळवळ आहे, तेव्हा कारखान्याच्या अध्यक्षाला वाट आहे. समाजसेवेतून महंतांनाही ती मिळाली. त्याच समाजसेवेत ऊसतोड मजुरांची संघटना बांधणारी एखादी बाई का बसू नये?

यापुढे मंत्रिमंडळाने राज्यपालांकडे पाठवलेल्या प्रत्येक नावापुढे क्षेत्र कोणते व काम काय, हे लिहून ती यादी शपथविधीपूर्वी जाहीर करावी.