ऑक्टोपॅडला स्पीकर कोणता?

गणपती-नवरात्राच्या सुपाऱ्या ठरू लागल्या की उपनगरातल्या वाद्यांच्या दुकानांत एक प्रश्न हमखास येतो: ऑक्टोपॅड घेतला, आता ॲम्प कोणता घेऊ? ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचं आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य. विचारणारा बहुधा विशीतला, मुलुंड नाहीतर बोरिवलीचा. बरेचसे पैसे पॅडवरच गेलेले असतात आणि उरलेल्या पंधरा-वीस हजारांत त्याला आवाज हवा असतो. मग कुणीतरी सांगतं, मित्राचा गिटारचा ॲम्प पडून आहे, तोच लाव.

तो लावू नये. गिटारच्या ॲम्पमधला स्पीकर साधारण ८० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यासाठी घडवलेला असतो. गिटारला तेवढं पुरतं, तिचा स्वर त्यात गोडही लागतो. पण किक ड्रमचा गाभा ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि हायहॅटची धार १०,००० हर्ट्झच्याही वर जाते. म्हणजे खालचा धक्काही गेला आणि वरची चमकही गेली. उरतो तो मधला ठोकळा आवाज, आणि वाजवणाऱ्याला वाटतं की पॅडच खराब निघाला.

आपल्याकडे तर ऑक्टोपॅडकडून जरा जास्तच अपेक्षा आहेत. रोलंड कंपनीचा पहिला ऑक्टोपॅड, ‘पॅड-८’, १९८५ साली आला. त्यात स्वतःचे आवाजच नव्हते, मिडीच्या तारेने दुसऱ्या यंत्रातले आवाज वाजवावे लागत. पुढे आलेल्या ‘एसपीडी-२०’मध्ये ७०० आवाज आतच भरलेले होते. मराठी ऑर्केस्ट्रात आणि बँजो पार्टीत एकच वादक त्यातून ढोलकी, तबला, खंजिरी, किक, झांज सगळं काढतो. ढोलकीची चाट आणि धुम दोन्ही एकाच खोक्यातून खणखणीत यायला हवी असेल, तर स्पीकर पूर्ण पट्ट्याचा हवा: खाली दहा किंवा बारा इंची वूफर, वर ट्वीटर किंवा हॉर्न, आणि ॲम्प आतच बसवलेला. बाजारात त्याला पॉवर्ड स्पीकर म्हणतात.

खास ड्रमसाठीचे ॲम्प मिळतात आणि ते चांगले असतात. रोलंडच्या ‘पीएम-१००’ला दहा इंची स्पीकर आणि ८० वॉट आहेत, ‘पीएम-२००’ला बारा इंची आणि १८० वॉट. पण हातात पैसे मोजके असतील तर पाटीवर ‘ड्रम’ लिहिलंय म्हणून जास्त मोजायची गरज नाही. त्याच इंचांचा साधा पॉवर्ड स्पीकर, सेकंड हँड का असेना, पुष्कळ कामं करतो. उद्या त्यावर कीबोर्डही लागेल, माइकही.

वॉटच्या आकड्याने सगळेच फसतात. १०० वॉट म्हणजे ५० वॉटच्या दुप्पट मोठा आवाज नव्हे. फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. त्यातून खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुतेकदा क्षणभराच्या ‘पीक’चा असतो. विचारायचा तो आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारा आकडा. ड्रमचा फटका सरासरी आवाजाच्या कितीतरी वर उसळतो, म्हणून लहान ॲम्प शेवटपर्यंत पिळला की आवाज फाटतो आणि ट्वीटर जळायची वेळ येते. मोठा स्पीकर अर्ध्यावर चालवलेला केव्हाही बरा.

सभागृह भरून टाकण्याची चिंता मात्र वादकाने करूच नये. मुलुंडच्या कालिदासला किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात पॅडची तार डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरजोगा करणाऱ्या छोट्या खोक्यातून, थेट मिक्सरला जाते. तिथे स्वतःचा स्पीकर लागतो तो स्वतःला ऐकू यायला, आणि त्यासाठी दहा इंची पुरतो.

घराचा प्रश्न वेगळा आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. घाटकोपरच्या दोन खोल्यांत रियाज करायचा तर स्पीकरच्या आधी चांगला, तारेचा हेडफोन घ्यावा. ब्लूटूथ नको, त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने किंवा त्याहूनही उशिरा येतो, आणि लय शिकणाऱ्या मुलाच्या हातांना तो उशीर घातक आहे. पायाच्या पेडलखाली जाड रबरी चटई घालावी, कारण त्याचा दणका हेडफोन लावूनही खालच्या मजल्यावर पोचतोच.

आणखी एक गोष्ट, आणि ती जिवाची आहे. मांडवात स्पीकरमधून घुं-घुं येऊ लागली की काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. पावसाळी मांडवात, ओल्या जमिनीवर, हे कधीही करू नये. पॅड आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावले, तर ती गुणगुण बहुधा जाते.

खरेदीला जाताना आपला पॅड, काठ्या आणि पी-३८ची, म्हणजे पाव इंची जॅकची, तार सोबत न्यावी. धोबी तलावचं फुर्टाडोज असो की घराजवळचं दुकान, तिथे दाखवायला लावलेलं गाणं ऐकून स्पीकर कळत नाही. एकच स्पीकर असेल तर तार ‘एल/मोनो’ या खाचेत लावावी, नाहीतर डाव्या-उजव्यात विभागलेले काही आवाज हरवतात. मग आधी नुसती किक, नंतर नुसता हायहॅट, शेवटी दोन्ही मिळून, आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून पाच मिनिटं वाजवावं. दुकानदार पाच मिनिटं वाजवू देत नसेल, तर पुढचं दुकान गाठावं.