जन्मजात बंडखोर वगैरे काही नसते

परवा भाच्याचा पुण्याहून फोन आला. घरातल्या एका मुलीने आपल्या पसंतीने लग्न ठरवलेय, मुलगा दुसऱ्या जातीचा. कोणी जायचे नाही असे वडीलधाऱ्यांचे फर्मान निघालेय. भाचा म्हणाला, "आत्या, मला पटत नाही गं. पण सगळ्यांच्या विरुद्ध जाणारी माणसं जन्मालाच तशी येतात. आपल्याला नाही जमायचं." मी तेव्हा काही बोलले नाही. आता लिहिते.

साफ खोटे आहे हे! आणि सोयीचेही. बंड रक्तातच असावे लागते असे एकदा मानले, की आपण घरी बसायला मोकळे.

हर्णेजवळ मुरूड आहे (जंजिऱ्याचे नव्हे, आमच्या दापोली तालुक्यातले). ते धोंडो केशव कर्व्यांचे गाव. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई विधवा. मुरूडकरांनी सभा भरवून कर्व्यांना वाळीत टाकले, ते घरी उतरले तर घरच्यांवरही बहिष्कार! आई आणि भाऊ गावातच होते, तेव्हा खरा मार त्यांनाच. त्याच माणसाला १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि आता आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, कर्वे आमचे.

हा माणूस काही तडफदार नव्हता. आपण किती भिडस्त, हे त्यांनी स्वतःच आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. पण १८९१ पासून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांचा पगार मुरूडच्या पंचांच्या हातात नव्हता. पुण्यात पाठीशी उभी राहणारी चार सुधारक मंडळी होती. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या आणि त्यांचे वडील राजी होते. पायाखाली एवढी जमीन असली की भिडस्त माणूसही उभा राहतो.

कोणी म्हणेल, मग त्यांचे चिरंजीव रघुनाथराव? संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी कोर्टात उभे राहावे लागले, तरी १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी ते चालवले. खरे आहे. पण वडिलांना वाळीत टाकले तेव्हा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. वाळीत पडलेला माणूसही जेवतो, झोपतो, कामाला जातो, हे त्याने घरातच पाहिले होते.

सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास अमेरिकेत एक प्रयोग केला. खोलीतले सगळे मुद्दाम रेघेची चुकीची लांबी सांगत, आणि बरीच माणसे डोळ्यांना दिसत असूनही त्यांचीच री ओढत. पण एकाने जरी खरे सांगितले, तरी ते दडपण बरेचसे उतरे. एकच माणूस पुरे!

मी तो दुसरा माणूस झाले नाही, हे कबूल करते. शाळेत असताना एका गरीब शिपायाला काढायचा ठराव आला. एक बाई सोडून सगळ्यांचे हात वर, त्यात माझाही. त्या बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिले होते. वर्गात वर्षानुवर्षे आज्ञाधारक मुलांचे कौतुक करणारी मी, आणखी काय करणार होते?

२०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. मुरूडच्या त्या सभेनंतर सव्वाशे वर्षांनी! पण लग्नाला न जाण्याला कुठला कायदा अडवणार?

तर नातेवाईकहो, मी लग्नाला जाणार आहे. दापोलीहून सकाळची एसटी. कोणाला बरोबर यायचे असेल तर रविवारपर्यंत फोन करा, तिकिटे एकत्र काढीन. भाच्या, तूसुद्धा.