मुक्काम आहे, पोस्ट नाही

गावाकडे पत्र धाडताना आपण प्रथम ‘मु. पो.’ ही अक्षरे लिहितो. ज्या गावी टपालघर नाही, तेथील रहिवासी मात्र ‘मु.’ आणि ‘पो.’ वेगवेगळे लिहितो. मुक्काम एका गावी, पोस्ट दुसऱ्या गावी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशाला हे नवे नाही. संगणकाच्या जगात आज येथील विद्यार्थ्यांची हीच अवस्था आहे.

गेल्या दिवाळीत आमचा एक विद्यार्थी अहेरी तालुक्यातील आपल्या गावी गेला. जनगणनेच्या आकड्यांवरील त्याचे काम महाविद्यालयातील संगणकावर अर्धवट राहिले होते. एका मोठ्या संगणकाची शक्ती वाटून त्यात अनेक स्वतंत्र ‘आभासी संगणक’ मांडता येतात. तसा एकेक आम्ही प्रत्येकाला दिला होता. गावात मोबाईलची रेंज होती. जगातील वृत्तपत्रे त्याला वाचता येत होती. पण महाविद्यालयातील आपलाच संगणक त्याला सापडेना. काम तीन आठवडे अडले.

कारण साधे आहे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे 429 कोटीच होऊ शकतात. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी 2011 मध्ये संपला. तत्पूर्वीच, 1996 मध्ये, काही पत्ते केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले होते. ते घराघरांत तेच ते असतात. उंबरठ्याबाहेर त्यांना अर्थ नाही. शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्याची रीत मग रूढ झाली. सगळ्या गावाचे टपाल एका वाण्याच्या ‘मार्फत’ यावे, तसा हा प्रकार. आपण पाठवलेल्या पत्राचे उत्तर येते. पण बाहेरून आपणहून आलेले पत्र कोणत्या घरी द्यावे, हे वाण्याला कळत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात टंचाईचा परिचित नियम दिसेल. जे एके काळी मागेल त्याला मिळे, त्याला आता भाडे पडते. ॲमेझॉनच्या संगणक-सेवेने फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक जुन्या सार्वजनिक पत्त्यामागे तासाला अर्धा सेंट आकारणे सुरू केले. नव्या पद्धतीत पत्त्यांना तोटा नाही, आणि मोबाईल जाळ्यांमुळे तिच्या वापरात भारत आघाडीवर आहे. परंतु अनेक संस्थांची अंतर्गत जाळी अद्याप जुन्याच मांडणीवर चालतात.

मग प्रत्येक विद्यार्थ्याच्या यंत्रासाठी सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा काय? मुळीच नको. तसे करणे धोक्याचेही आहे. केवळ परवलीच्या शब्दावर उघडे ठेवलेले यंत्र अनोळखी लोक काही तासांतच ठोठावू लागतात. खरा उपाय स्वस्त आहे. महाविद्यालयाने एकच कायमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता घ्यावा आणि त्यावर राखणीचे एक द्वार उभारावे. आतील आभासी संगणकांना घरगुती पत्तेच असू द्यावेत. मात्र तेही ठरलेले असावेत, रोज बदलणारे नसावेत. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची स्वतंत्र सांकेतिक किल्ली द्यावी. सुरुवात विद्यार्थ्याकडून होत असल्याने तो ‘मार्फत’च्या पत्त्यामागे असला तरी अडत नाही. मुक्काम अनेक, पोस्ट एक!

येथे कोणी म्हणेल की, एटापल्ली-भामरागडकडील कित्येक पाड्यांत टॉवरच नाही, तेथे या गोष्टींचा काय उपयोग? आक्षेप रास्त आहे, आणि टॉवरची मागणी सोडता कामा नये. परंतु जेथे रेंज क्षीण आहे, तेथेच ही सोय अधिक मोलाची ठरते. दूरच्या यंत्राला केवळ अक्षरांत आज्ञा देण्याची एसएसएच नावाची पद्धत 1995 मध्ये फिनलंडमध्ये जन्मली. चित्रमय पडद्यापेक्षा तिला फारच थोडा डेटा पुरतो. पर्लकोटेला पूर येऊन संपर्क तुटला, तरी आधी तशी व्यवस्था केलेली असल्यास यंत्रावरील काम चालू राहते.

सिरोंचाहून गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर. सुटीत प्रयोगशाळेला कुलूप, आणि ज्याला नागपुरात खोली परवडते त्याचेच शिक्षण चालू. ही विषमता बुद्धीची नव्हे, सोयीची आहे. या दोन जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, ते अंतराचा हा अन्याय कमी करण्यासाठीच. नवे संगणक खरेदी करण्यापूर्वी विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी हाती असलेले संगणक दुरून वापरण्याजोगे करावेत. त्यासाठी एक कायमचा पत्ता, एक राखलेले द्वार आणि ते सांभाळणारा एक जाणता कर्मचारी लागतो. यंत्रे मिळतात, अशा कर्मचाऱ्याचे पद मात्र मंजूर होत नाही. मागणी करायची तर प्रथम त्या पदाची केली पाहिजे.