जर्मनची होडी भंगारात घालू नका

दुष्काळी जिल्ह्यात होडीचा विषय काढला की लोक हसतात. ‘प्यायला पाणी नाही अन् हा होडीचं सांगतोय’ असे कुणी म्हटले तर नवल नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता तेच धरण भरले. आपल्याकडचे पाणी हे असे आहे. येत नाही तेव्हा येतच नाही, आणि आले की घरात शिरते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला पूर आला, तेव्हा परंडा तालुक्यात पाण्याने वेढलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. आता सांगा, होडीचा विषय आपला नाही कसा?

पुराचे राहू द्या. रोजच्या पोटापाण्याचे पाहू. परंड्याकडचे सीना-कोळेगाव, माकणीचे निम्न तेरणा, कळंबच्या शिवेवरचे मांजरा, नळदुर्गजवळचे कुरनूर आणि गावोगावचे लहानमोठे साठवण तलाव यांत पाणी असते तोवर मासेमारी चालते. रोहू, कटला, मृगळ या माशांवर किती तरी घरांची चूल पेटते. पण जाळे टाकायला माणूस पाण्यात उतरतो कशावर? बऱ्याच ठिकाणी ट्रकच्या टायरची हवा भरलेली ट्यूब, नाही तर थर्माकोलचे तुकडे बांधून केलेला तराफा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर न बुडालेला माणूस रोज पहाटे काडीवर बसूनच पाण्यात जातो. ट्यूबला बाभळीचा एक काटा पुरे होतो. थर्माकोल उन्हाने ठिसूळ होतो आणि त्याचा भुगा पाण्यात राहतो, तो वेगळाच.

आणि दुसरीकडे काय चालले आहे? जुनी होडी दोन-तीन दुष्काळी वर्षे काठावर पालथी पडते, तिच्यात गवत उगवते आणि एक दिवस भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते. त्यातही ती जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची असेल तर आणखी लवकर चढते, कारण भंगारात जर्मनला लोखंडापेक्षा भाव चांगला. दोन दिवसांचा पैसा मिळतो आणि पुढची वीस वर्षे चालली असती अशी वस्तू जाते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, तपासल्याशिवाय एकही होडी भंगारात जाता कामा नये.

आपल्याकडच्या होड्या बहुतेक लाकडाच्या किंवा लोखंडी पत्र्याच्या, अलीकडे फायबरच्याही आल्या. जर्मनची होडी क्वचित दिसते, म्हणूनच ती ओळखता येत नाही. ओळख सोपी आहे. साधे लोहचुंबक लावा, चिकटले नाही तर लोखंड नव्हे. तांबडा गंज दिसणार नाही, करडा थर आणि कुठे कुठे पांढरी भुकटी दिसेल. कडेला आणि बुडाला रिबिटांच्या ओळी असतील किंवा वेल्डिंगची जाड शिवण असेल. उचलून पाहिली तर हलकी लागेल. तेवढ्याच जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन जर्मनच्या जवळजवळ तिप्पट भरते. बारा फुटी जर्मनची होडी साधारण पन्नास ते सत्तर किलोची. दोन गडी तिला पाण्यात नेतात आणि दोनच गडी बाहेर काढतात. तलाव मागे हटत जाणाऱ्या आपल्या मुलखात ही गोष्ट फार मोलाची आहे. पाणी दर महिन्याला दूर जाते, तशी होडीही मागोमाग नेता येते.

अमेरिकेत या होड्यांचा मोठा इतिहास आहे. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा विमाने बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने १९४५ मध्ये विमानाच्याच पत्र्याच्या आणि रिबिटांच्या विद्येने होड्या करायला सुरुवात केली. पुढे इतर कारखानेही त्यात उतरले. त्या काळातल्या होड्या तिथले हौशी लोक आजही शोधून काढतात, मागच्या फळीजवळची पट्टी आणि नंबर वाचून त्यांचे साल ठरवतात, दुरुस्त करतात आणि गळ घेऊन तळ्यावर जातात. १९७२ च्या अखेरीपासून तिथे प्रत्येक नव्या होडीवर ओळख क्रमांक सक्तीचा झाला. सत्तर वर्षांपूर्वीची होडी तिथे चालू शकते, तर आपल्याकडे ती दहा-वीस वर्षांतच मोडीत का निघावी? धातू तोच आहे. फरक निगेचा आहे.

आता दुरुस्तीचे. आधी होडी धुऊन काढा, पण कॉस्टिक सोडा लावू नका, तो जर्मन खातो. मग होडी सुलटी करून खाली वाळूच्या गोण्या किंवा जुने टायर द्या आणि आत वीतभर पाणी भरा. काठोकाठ भरू नका, हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, त्याने होडीचेच बूड वाकेल. बाहेरून जिथे थेंब झिरपेल तिथे खडूने खूण करा. बहुतेक गळती ढिल्या झालेल्या रिबिटांतून होते. एकाने आतून जड लोखंडाचा ठोकळा टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून हातोडीने बेताने ठोकायचे, रिबिट पुन्हा घट्ट बसते. फारच झिजले असेल तर काढून जर्मनचेच नवे घाला. पत्रा फाटला असेल तर साध्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, आर्गन वेल्डिंग करणारा गाठा. सोलापूर-लातूरकडे अशी कामे होतात. मात्र बुडाला जागोजाग खड्डे पडून पत्रा कागदासारखा झाला असेल, तर त्या होडीचा मोह सोडावा. ती खुशाल भंगारात द्या.

जर्मनचा खरा वैरी पाणी नाही, दुसरा धातू आहे. तांबे किंवा लोखंड जर्मनला लागून ओले राहिले की जर्मन झिजू लागते. म्हणून साध्या लोखंडी बोल्टाऐवजी स्टेनलेसचे घ्या आणि मध्ये प्लास्टिकचा वायसर घाला. तांब्याची वायर बुडात लोळू देऊ नका. द्राक्षवाल्यांनी तर खास लक्षात ठेवावे, मोरचूद कालवलेला पंप किंवा बादली होडीत ठेवू नका. मोरचूद म्हणजे तांब्याचेच मीठ. खताची पोती झाकायला पालथी होडी वापरणारेही आहेत, तेही बंद करा. रंग द्यायचा तर आधी ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर लावा. लोखंडाला चालणारा शेंदरी रंग आणि तांबेवाला रंग इथे चालत नाही. मागची लाकडी फळी कुजली असेल तर बदला.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जर्मन हलके असले तरी पाण्याने भरलेली होडी बुडते. कारखान्याच्या होडीत बाकाखाली फोम असतो, तो जुना होऊन पाणी पितो. त्याच्या जागी घट्ट बुचाचे रिकामे कॅन बाकाखाली आवळून बांधा. पाच लिटरचे बारा कॅन साधारण साठ किलोची उचल देतात. साठ किलोची होडी पाणी भरले तरी त्यावर तरंगत राहते आणि उलटली तर धरायला आधार मिळतो. खर्च जवळजवळ काहीच नाही. लाइफ जॅकेट मात्र माणशी एक हवेच, तिथे काटकसर नको.

आणि दुरुस्त झाली म्हणून तिच्यात दहा माणसे भरायची नाहीत. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. आपली होडी दोघांची, जाळ्याची आणि माशांची. वारा सुटला की काठ धरायचा. पुराच्या ओढीत तिला घालू नये, ते काम प्रशिक्षित पथकांचे. पण पूर थांबून वस्तीभोवती साचलेल्या संथ पाण्यात दूध, औषध किंवा एखादी बाळंतीण न्यायला गावातच होडी असेल, तर हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागणार नाही. आणि पोटाचे काम झाल्यावर एखाद्या संध्याकाळी नातवाला घेऊन संस्थेच्या परवानगीने गळ टाकला, तर त्यात वाईट काय? बैलगाडीतून जत्रेला जायचोच की आपण. औताच्या वस्तूचा थोडा आनंदही घ्यावा.

कुणी म्हणेल, नवीन होडीला सरकारची योजना आहे. आहे ना. २०२० पासूनच्या मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी-जाळ्यासाठी मदतीची तरतूद आहे. ज्याला मिळेल त्याने जरूर घ्यावी. पण अर्ज, मंजुरी आणि आपला हिस्सा उभा करणे यात एक पावसाळा निघून जातो. तोवर ट्यूबवरच बसायचे का? एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा द्यायचे ठरवले. तसे असेल तर होडी हे मच्छीमाराचे औत झाले. औत मोडले म्हणून कुणी ते लगेच भंगारात विकत नाही, आधी सुताराकडे नेतो.

म्हणून सरपंच, तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक यांना तीन गोष्टी सुचवतो. पहिली, मृगापूर्वीच्या ग्रामसभेत गावच्या तलावावर होड्या किती, कुणाच्या, कोणत्या अवस्थेत, याची नोंद घ्या. २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्यात बिनइंजिनाच्या होड्यांची नोंद तालुका-पंचायत पातळीपर्यंत ठेवण्याचा विचार आहेच. दुसरी, कुठल्याही कार्यालयाच्या डेडस्टॉकला जुनी होडी असेल, तर ती लिलावात काढण्यापूर्वी जाणत्या कारागिराला दाखवा आणि नियमात बसत असेल तर तलावाच्या मच्छीमार संस्थेला आधी विचारा. तिसरी, भोई बांधवांना सोबत घ्या. पाणी कुठे खोल, कुठे झाड बुडालेले, हे त्यांच्याइतके कागदाला ठाऊक नसते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आपण दुष्काळातून शिकलो. पाणी आल्यावर होडी शोधू नये, हेही आता शिकायला हवे. तलाव आटलेला असतो तेव्हाच काठावरची होडी नीट पाहता येते. या उन्हाळ्यात जरा तिकडे चक्कर मारा आणि जाताना खिशात लोहचुंबक ठेवा.