नाव आपले, जाहिरात त्यांची

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांना नावाचे मोल शिकवावे लागत नाही. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबाद येथे ‘अमक्यांचा शब्द आहे’ एवढ्यावर उधारी मिळे, भाड्याने घर मिळे, सोयरिकी जुळत. म्हणूनच कोणाची शिफारस करताना जुनी माणसे दहा वेळा विचार करीत. समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी नेमका हाच ठेवा हेरला आहे. ओळखीच्या माणसाची शिफारस ही सर्वांत प्रभावी जाहिरात होय, हे फेसबुकच्या संस्थापकाने २००७ मध्येच उघडपणे सांगितले होते.

त्याच वर्षी या कंपनीने ‘बीकन’ योजना आणली. इतर संकेतस्थळांवर केलेली खरेदी त्यातून मित्रमंडळींना परस्पर कळू लागली. ओरड झाली, दावा झाला आणि २००९ मध्ये ती गुंडाळावी लागली. परंतु २०११ मध्ये ‘प्रायोजित कथा’ अवतरल्या. एखाद्या दुकानाच्या पानावर कोणी ‘लाईक’ची कळ दाबली, की त्याचे नाव व छायाचित्र जाहिरातीत गुंफून त्याच्याच स्नेह्यांना दाखवले जाई. पैसे कंपनीला, ज्याचे नाव, त्याला छदामही नाही. कॅलिफोर्नियातील दाव्यात २०१३ मध्ये दोन कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली आणि मागणी नोंदवणाऱ्यांच्या पदरी प्रत्येकी १५ डॉलर पडले. पुढल्या वर्षी हा प्रकार बंद झाला.

वृत्ती मात्र बदलली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये इन्स्टाग्रामने, मोबदल्याविना छायाचित्रे जाहिरातींसाठी वापरता येतील, अशी अट घातली आणि लोक खवळताच काही दिवसांत ती मागे घेतली. नोव्हेंबर २०१३ पासून गूगलने प्रौढ वापरकर्त्यांची नावे, छायाचित्रे व अभिप्राय जाहिरातींत वापरण्याची मुभा स्वतःच घेतली. नको असेल त्याने नकार कळवावा, असा उलटा न्याय! न विचारता उचलावयाचे आणि मालकाने हटकले तरच हात आखडावयाचा, याला व्यवहार कसे म्हणावे?

यावर उत्तर ठरलेले असते : सेवा फुकट मिळते, मग तक्रार कसली? परंतु त्या सेवेची किंमत आपण जाहिराती पाहून रोजच चुकवतो. जाहिरात ऐकून घेणे वेगळे आणि तिच्यात साक्षीदार म्हणून उभे राहणे वेगळे. सिनेनटाला याच कामाचे मानधन मिळते. दुसरे उत्तर संमतीचे. कोणीही वाचत नाही अशा लांबलचक अटींखालची कळ दाबणे ही संमती असेल, तर कोऱ्या कागदावरचा अंगठाही संमतीच मानावा लागेल. आपल्या समाजाने असे अंगठे पुष्कळ पाहिले आहेत.

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट व निःसंदिग्ध असावी असे म्हटले आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली. मात्र त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक खिंडार आहे. जी माहिती व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागूच नाही. आणि उदाहरण दिले आहे ते समाजमाध्यमावर मते मांडणाऱ्या व्यक्तीचेच! अर्थात जेथे संरक्षणाची खरी गरज, तेथेच कायद्याने हात वर केले. दारात रांगोळी काढली, म्हणून ती कोणी आपल्या दुकानाच्या पाटीवर छापावी, असा परवाना मिळत नाही. उघड्यावर ठेवणे म्हणजे विकणे नव्हे.

अमिताभ बच्चन यांना २०२२ मध्ये आणि अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नाव व प्रतिमेच्या अनधिकृत वापराविरुद्ध संरक्षण दिले. ते योग्यच झाले. परंतु उच्च न्यायालयात वकील उभा करण्याची ऐपत नसलेल्या निवृत्त शिक्षकाचे नाव त्याच्या गल्लीत तितकेच मोलाचे नसते काय?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. जाहिरातीत नाव, छायाचित्र वा मजकूर वापरण्यापूर्वी दर वेळी स्वतंत्र विचारणा व्हावी, मौन म्हणजे नकार मानला जावा, आणि तिसऱ्या कलमातील सवलत व्यापारी वापराला लागू नसावी. आपल्या मंडळांनी व वाचनालयांनी ठराव करून हे म्हणणे आपापल्या खासदारांकडे लेखी धाडावे. घराण्याचे नाव पूर्वजांनी कष्टाने मिळवले आहे. ते कोणाच्या मालाबरोबर विकले जावे, हे ठरवण्याचा अधिकार आपण कोणालाही दिलेला नाही.